भट्टीच्या विटेचा शेक

माझ्या उजव्या नडगीवर, गुडघ्याच्या थोडं खाली, एक चौकोनी डाग आहे आणि त्याच्या शेजारून एक लांब व्रण गेला आहे. व्रण डॉक्टरांचा, डाग आमच्या घरचा. कोणी विचारलं की मी व्रणाबद्दल ऐटीत बोलतो आणि डागावर हळूच लेंगा ओढून घेतो.

परवा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची सून रडत आली. तिच्या लहानग्याच्या मांडीच्या हाडात पू झाला आहे, त्याला दवाखान्यात ठेवलंय. "काका, तुम्ही लहानपणी यातून गेलात ना? काय काय होतं ते सांगा ना," म्हणाली. मी तिला भरपूर धीर दिला. ती गेल्यावर आमची ही म्हणाली, "सगळं सांगितलंत, चौकोनाचं तेवढं गाळलंत." म्हणून हे लिहितो आहे, चौकोनासकट.

कुठी पडला?

आम्ही भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीतले. बाबांना भिलाईत काम लागलं तेव्हा कारखाना अर्धा उभा होता आणि अर्धा रशियन साहेबांच्या नकाशात. एकीकडे पहिली भट्टी लोखंड ओतत होती, दुसरीकडे पाये खणणं चाललं होतं. सेक्टर सहामध्ये क्वार्टर मिळालं. सगळी क्वार्टरं एकाच साच्यातली. पहिल्याच आठवड्यात मी शाळेतून आलो आणि सरळ शेजारच्या तेलुगू मंडळींच्या स्वयंपाकघरात पाट ओढून बसलो. त्यांनी काही न बोलता वाढलं, मी काही न बोलता जेवलो. सांबाराचा तिसरा भुरका मारताना मला पहिली शंका आली.

ही गंमत सांगायला मला कोणी नव्हतं. शाळा हिंदी, आणि माझी हिंदी 'पानी' आणि 'इधर आओ' यांच्या पलीकडे गेलेली नव्हती. मधल्या सुट्टीत पोरं खेळायची आणि मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा राहून सावली किती सरकली ते पाहायचो. घरी माय तान्ह्या बहिणीत गुंतलेली, बाबा पाळीवर. असं वर्ष गेलं. वर्षभरात मला कोणी मुद्दाम काही विचारलं असेल, तर ते 'नाम क्या है' एवढंच. हे सांगतो आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला.

एका सकाळी उठलो तर उजवा पाय जमिनीला टेकवेना. अंग तापलेलं.

माय म्हणाली, "कुठी पडला?"

"नाई पडलो."

"पडल्याबिगर पाय दुखते का कोणाचा? खरं सांग."

बाबा ड्यूटीवरून आले. "कुठी पडला बे?" मग भागवतमामा आले. हे सख्खे मामा नव्हेत, बाबांच्याच कामावरच्या टोळीतले. गावाकडे तालमीत जायचे, त्यामुळे आमच्या ओळीतल्या सगळ्या मुरगळलेल्या पायांवर त्यांचा हक्क. "कुठून पडला भाच्या?" शेजारच्या तेलुगू मावशी आल्या, त्यांनी हातानेच पडल्याची खूण करून विचारलं. खाटेभोवती सात-आठ माणसं उभी होती आणि सगळी माझ्या तोंडाकडे पाहत होती. भिलाईत आल्यापासून माझ्या उत्तराची इतकी माणसं एकदम वाट पाहताहेत, असं कधी घडलंच नव्हतं. मी त्यांना निराश केलं नाही.

"बाबाची सायकल घेतली होती," मी म्हणालो. "दांडीखालून पाय घालून कैंची मारून राहिलो होतो."

सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. दुखण्याला कारण सापडलं की दुखणं अर्धं कमी होतं. आजाऱ्याचं नव्हे, बघणाऱ्यांचं.

संध्याकाळपर्यंत माझ्या गोष्टीत एक ट्रक आला. दुसऱ्या दिवशी ट्रकसमोर बैल आला. तिसऱ्या दिवशी एका रशियन साहेबाने मला उचलून बाजूला केलं आणि लिमलेटची गोळी दिली. ताप चढत होता आणि गोष्टही चढत होती. प्रत्यक्षात त्या महिन्यात मी सायकलीला शिवलोसुद्धा नव्हतो. आणि या गोष्टीपायी माझा पाय जायची वेळ आली.

मामांचे हात, बाबांची वीट

पडलो म्हटल्यावर उपचार ठरलेलाच. मामांनी जवसाचं तेल कोमट केलं, "नस चढली, दुसरं काही नाई," म्हणाले आणि नडगीवर अंगठे दाबले. मी जो ओरडलो तो म्हणे रेल्वेलाईनपर्यंत ऐकू गेला. "ओरडते म्हंजे नस जाग्यावर येऊन राहिली," मामांनी सगळ्यांना समजावलं. सकाळ-संध्याकाळ नस जाग्यावर येत राहिली.

त्यावर शेक. इथे बाबांचा नंबर लागला. बाबा भट्ट्यांच्या आत वीट लावणाऱ्या टोळीत होते. ती वीट आपल्या घरांची नव्हे. पिवळट, जड, वितळलेल्या लोखंडाला दाद न देणारी. तुटलेले अर्धे तुकडे कामावर पडून असायचे. आमच्या ओळीत प्रत्येक घरी असा एक तुकडा होता. कंबर धरली, पोट दुखलं, बाळंतिणीला थंडी वाजली, की वीट सिगडीत तापवायची, पोत्यात गुंडाळायची आणि शेकायचं. दिवसभर भट्टी बांधणाऱ्या माणसांचा देवाखालोखाल त्या विटेवर भरवसा.

"साधी वीट लगेच थंडी होते," बाबा मायला सांगत होते. "हे पाह्य कशी आहे. एकडाव गरमी धरली का सोडत नाई."

बाबांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. विटेने गरमी धरली आणि सोडली नाही. पोतं पातळ होतं. नडगीवर चौकोनी फोड उठला आणि आत जे काही धुमसत होतं त्याला आणखी चेव आला.

तिकडे घरात वेगळीच भट्टी पेटली होती. "सायकलले कुलूप लावा म्हणलं होतं ना तुमाले," असं माय एकदा म्हणाली आणि मग बाबांशी बोलेनाशी झाली. बाबांनी सायकलीला साखळी गुंडाळली आणि पायी ड्यूटीवर जायला लागले. चूक सायकलीची नव्हती, त्या दोघांचीही नव्हती, आणि हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं. पण इतकी माणसं गोष्टीत शिरल्यावर ती परत कशी घ्यायची, हे मला समजत नव्हतं. आणि खरं म्हणजे मी बरळायला लागलो होतो.

शेवटी मायनेच मामांचा हात धरला. "बस झालं भाऊ. आता कोनी हात नाई लावायचा याले." आणि कित्येक दिवसांनी ती बाबांकडे वळून बोलली, "दवाखान्यात न्या."

ज्यांना गोष्ट पटली नाही

मोठे डॉक्टर बंगाली होते. बारीक, शांत, आणि त्यांच्या हिंदीतला प्रत्येक 'अ' गोल झालेला. त्यांनी चादर बाजूला केली आणि नडगीकडे पाहतच राहिले.

"ये चौकोर निशान काहे का है?"

"ईंट का, साहेब," बाबा म्हणाले. "भट्टी की."

"कौन-सी भट्टी?"

"दो नंबर, साहेब."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. आजही मला ते डोळे मिटणं आठवलं की हसू येतं. त्या वेळी मात्र खोलीत कोणी हसत नव्हतं.

पायाचा फोटो काढला. हाड धड होतं. मग त्यांनी एक बोट टेकवलं, नुसतं एक बोट, आणि घोट्यापासून हाडावरून हळूहळू वर आणलं. एका जागी मी किंचाळलो. ते थांबले, बोट उचललं, पुन्हा तिथेच टेकवलं. मी पुन्हा किंचाळलो.

"गिरा था?"

बाबांनी सगळं सांगितलं. सायकल, ट्रक, बैल, रशियन साहेब. बाबांचा माझ्यावर केवढा विश्वास! डॉक्टरांनी मध्ये न बोलता सगळं ऐकलं. मग माझे तळहात उलटसुलट केले, कोपरं पाहिली, दुसरा गुडघा पाहिला.

"ट्रक, बैल, सब कुछ. और एक खरोंच नहीं?" मग डाव्या कोपरावरच्या सुकलेल्या खपलीवर त्यांची नजर थांबली. "ये फोड़ा कब हुआ था?"

"मागच्या महिन्यात," माय म्हणाली. "फुटला, बरा झाला."

डॉक्टर माझ्या तोंडाजवळ वाकले. "बोलो बेटा. सच में गिरा था?"

आता तरी मी खरं बोललो असेन, असं तुम्हाला वाटेल. पण पडलो म्हटलं तर पट्टी बांधून घरी सोडतील, असा माझा हिशेब होता. "गिरा था," मी म्हणालो. बैलाचा रंगही सांगितला.

डॉक्टरांनी मान हलवली, सरळ उभे राहिले आणि सिस्टरला म्हणाले, "थिएटर तैयार करो. अभी." मला भेटलेला हा पहिला श्रोता, ज्याने माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. म्हणून मी आज दोन पायांवर आहे.

बाहेर त्यांनी माय-बाबांना समजावलं ते मला अर्धवट ऐकू आलं. कोपरावरच्या फोडाचं विष रक्तातून पायाच्या हाडात उतरलं होतं. मुलांमध्ये असं होतं. हाडात पू कोंडला आहे, तो आजच काढायचा. फोटोत हे सुरुवातीला दिसत नाही. सायकलीचा याच्याशी काही संबंध नाही.

"पाय राहील ना साहेब?" बाबांनी मराठीतच विचारलं.

"खोलने के बाद बताऊँगा," डॉक्टर म्हणाले.

माय बाबांकडे पाहत होती. बाबा खाली पाहत होते. मग माय म्हणाली, "साखळी काढून टाका हो सायकलची. पायी कावून जाता?" आणि तोंडाला पदर लावला. दोघांनीही नंतर मला त्या पडण्याबद्दल कधीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

न पडलेला

नाकावर गोड वासाचं फडकं आलं. जागा झालो तेव्हा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता आणि नडगीपाशी प्लॅस्टरला एक खिडकी कापलेली. हाडाला भोकं पाडून पू काढला होता. पाय आहे, पण हाड आतून पोखरलंय, ते भरून येईल की नाही ते पाहायचं, असं डॉक्टर म्हणाले. मधल्या काळात पाय टेकवला तर मोडेल. तोवर इंजेक्शनं. दिवसा, रात्री, झोपेत, जेवताना. एक इकडे, एक तिकडे. अन्नम्मा सिस्टर केरळच्या. सुई टोचताना त्या मल्याळममध्ये आकडे मोजायच्या आणि पाचाच्या आत काम संपवायच्या. मला हिंदी यायच्या आधी मल्याळममध्ये पाचापर्यंत मोजता यायला लागलं, त्याचं हे कारण.

मुलांचा वॉर्ड अजून बांधून व्हायचा होता, म्हणून मला पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट मिळाली. तिथे मायला राहता येणार नव्हतं. बायकांना परवानगी फक्त संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत, आणि तान्ह्या मुलाला आत आणायचं नाही. वॉर्डात सगळे कारखान्याच्या बांधकामावरचे मोठे गडी. कोणी मचाणावरून पडलेला, कोणी क्रेनच्या शिडीवरून. समोरच्या खाटेवर एक सरदारजी, दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये, पंचवीस फुटांवरून खाली आलेले. त्यांनी पहिल्याच सकाळी आवाज दिला, "ओए छोटे! तू कित्थों गिरा?"

सगळ्या खाटा माझ्याकडे वळल्या. पुन्हा तेच. वाट पाहणारे चेहरे. ट्रक जिभेवर आला होता, खरंच सांगतो. पण माझ्या अंगात तेव्हा ट्रक ढकलायचंही बळ नव्हतं.

"नहीं गिरा," मी म्हणालो.

"फिर?"

"ऐसाच."

सगळा वॉर्ड हिरमुसला आणि आपापल्या बाजूला वळला. त्या सगळ्या पडलेल्या माणसांत न पडलेला मी एकटा. दुपारी त्यांच्या गप्पा रंगायच्या, कोणाचा दोर कसा सुटला, कोणाला कोणी धरलं. मी भिंतीकडे तोंड करून प्लॅस्टरच्या खिडकीतून बोट घालता येतं का ते पाहत राहायचो. येत नाही. एकदा चमचा घालून पाहिला तर तो आत गेला आणि निघेना. अन्नम्मा सिस्टरने तो चिमट्याने काढला. मल्याळममध्ये त्या काय म्हणाल्या ते आकडे नव्हते, एवढं मला समजलं.

कारखान्याचा भोंगा तिथपर्यंत ऐकू यायचा. भोंग्यावरून मला बाबांची पाळी समजायची. पहिल्या पाळीच्या आठवड्यात बाबा भेटीच्या वेळेला वेळेवर यायचे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात यायचेच नाहीत, कारण भेटीची वेळ आणि त्यांची भट्टी एकाच वेळची. माय बहिणीला मावशींकडे ठेवून यायची, पण बहीण दुधासाठी रडत असेल म्हणून अर्ध्यातच उठायची. कधी बहिणीला कडेवर घेऊनच यायची आणि बाहेरून वॉर्डाच्या खिडकीच्या जाळीपाशी उभी राहायची. जाळीतून बोट जाईल एवढीही जागा नव्हती. "जेवला का?" ती विचारायची. "हो." "कायची भाजी होती?" मी भाजी सांगायचो. मग तिच्याकडे विचारण्यासारखं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरायचं नाही. ती जाळीवर तळहात टेकवून उभी राहायची. बहीण माझ्याकडे अनोळखी माणसासारखी पाहायची.

रात्रपाळीच्या आठवड्यात बाबा यायचे, पण न झोपता. स्टुलावर बसायचे, "कसा आहे बे?" म्हणायचे आणि माझं उत्तर ऐकता ऐकता खाटेच्या कडेवर डोकं टेकून झोपी जायचे. त्यांच्या केसांत विटेची पिवळी धूळ असायची. दिवसभर साठवलेलं मला सगळं सांगायचं असायचं, चमच्याचं, सरदारजींच्या घोरण्याचं. पण उठवावंसं वाटायचं नाही. मी त्यांच्या केसांतली धूळ पाहत बसायचो आणि भेटीची वेळ संपल्याची घंटा वाजू नये म्हणून श्वास धरायचो. घंटा वाजायचीच. बाबा दचकून उठायचे. "हं, मंग काय म्हणत होता?" आणि जायचे.

भीती वाटायची ती सुईची नव्हे. डॉक्टर रोज प्लॅस्टरच्या खिडकीतून जखम पाहायचे आणि काही बोलायचे नाहीत. मध्येच पुन्हा ताप चढला, तेव्हा ते खाटेपाशी जास्त वेळ उभे राहिले. पायाचं काय करायचं यावर ते सिस्टरशी इंग्रजीत बोलले. मला एवढंच कळलं की माझ्याबद्दल बोलताहेत आणि माझ्याकडे पाहत नाहीत. सरदारजींना सुट्टी मिळाली त्या दिवशी जाताना त्यांनी नव्याने मोकळा झालेला एक हात माझ्या डोक्यावर ठेवला. "न गिरना, ओए," म्हणाले. समोरच्या खाटेवर दुसरा पडलेला माणूस आला. त्याने काही विचारलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या सुनेसाठी

तुझं बाळ योग्य जागी पोचलंय, हे पहिलं. बाकीच्या आयांना सांगशील ते असं: मूल तापलंय आणि एक हात किंवा पाय वापरायचंच सोडलंय, हाडावर एका जागी बोट टेकवू देत नाही, तर चोळू नका, शेकू नका, कोण कुठे पडलं याचा तपास करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडू नका. मला अन्नम्मा सिस्टरने कंटाळा येईपर्यंत टोचलं, म्हणून ते हाड भरलं.

आणि त्याला 'उद्या घरी जाऊ' असं म्हणू नकोस. मला कोणीतरी म्हणालं होतं. मी प्रत्येक उद्याला बसून राहिलो. उद्या संध्याकाळी येते, एवढंच सांग आणि ये. येऊन झोपलीस तरी चालेल. तो पाहत बसेल.

मोकळी खाट

प्लॅस्टर कापलं तेव्हा आत निघालेला पाय माझा वाटेना. काडीसारखा, पांढरा, सोलपटं निघालेला. पुन्हा फोटो काढला. या वेळी डॉक्टरांनी तो खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहिला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून हसले. भिंत धरून चालायला हरकत नाही म्हणाले. सिस्टर धरतील, थोडं थोडं.

घरी हे कोणालाच माहीत नव्हतं. मग माझ्या डोक्यात एक बेत शिजला. बाबांची पहिली पाळी होती, ते येणार होते. सिस्टरने माझ्या खाटेवर नवी चादर घातली आणि त्या दुसरीकडे गेल्या. मी भिंत धरून दारापर्यंत गेलो आणि दाराच्या आतल्या बाजूला, कपाटाशेजारी, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. बाबा येतील, खाट पाहतील, इकडेतिकडे शोधतील, आणि मी मागून हाक मारीन. तोंड दाबून मी हसत होतो.

बाबा आले. माझ्यासमोरून हाताच्या अंतरावरून गेले. मला आडवं पाहायचीच त्यांना सवय, उभ्या पोराकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. ते खाटेपाशी पोचले आणि थांबले. कडक, पांढरी, सुरकुती नसलेली चादर.

त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. इकडेतिकडे पाहिलं नाही. हातातली पिशवी सावकाश खाली ठेवली, खाटेची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली आणि गुडघ्यांतून खाली बसले.

माझं हसू गेलं. मी हाक मारली.

"बाबा. मी इथी आहो."

ते वळले. आता मार बसेल असं मला वाटलं. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं.

"तिथपावतर कोणं नेलं?"

"कोनी नाई."

"चालत गेला?"

"हो."

दांडी धरूनच ते उठले. "मंग ये."

"आता?"

"आता. मी पाहतो."

दारापासून खाटेपर्यंत भिंतीने आलो असतो, पण मधल्या वेळात भिंतीशी एका नव्या माणसाचं स्ट्रेचर आणून लावलं होतं. मध्ये नुसती मोकळी फरशी. मी पाठ सोडवली आणि निघालो. वॉर्डात गप्पा थांबल्या. बाबा पुढे आले नाहीत. त्यांचे हात दांडीवर होते आणि बोटं पांढरी पडली होती. मध्यावर उजवा पाय थरथरायला लागला.

"घाई नको करू," बाबा म्हणाले.

मी घाई केली नाही. शेवटी दांडी माझ्याही हातात आली. बाबा माझ्यापुढे उकिडवे बसले, व्रणाच्या वर एक आणि खाली एक असे दोन्ही तळवे त्यांनी नडगीवर ठेवले आणि मान वर केली.

"दुखते?"

"नाई."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी थोडा दाब दिला आणि पुन्हा विचारलं, "दुखते का बे? खरं सांग."

"नाई, बाबा."

आणि खरंच दुखत नव्हतं.